रोड बाईकचे माप नुसत्या उंचीवरून ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतील पहाटेच्या सायकलस्वारांविषयी आपण पानभर मजकूर दिलात, याबद्दल मुलुंडहून दर शनिवारी-रविवारी सायकल घेऊन निघणारा एक वाचक म्हणून मी आपला आभारी आहे. त्या लेखाच्या तळाशी मात्र नवी रोड बाईक घेणाऱ्यांसाठी एक चौकट होती. तिच्यात एका रकान्यात उंची आणि दुसऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सायकलच्या सांगाड्याचा, सेंटिमीटरमधला आकार एवढेच दिले होते; उंची १७० ते १७५ सेंटिमीटर असेल तर ५४ ची फ्रेम घ्यावी, असा तो हिशेब. (रोड बाईक म्हणजे अरुंद टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल. आपल्याकडे 'बाईक' म्हटले की मोटारसायकल समजतात, म्हणून हा खुलासा.) ही चौकट कापून खिशात घालून काही वाचक दुकानात जातील, या काळजीने हे पत्र लिहीत आहे. चौकटीतले आकडे चूक नाहीत, पण त्यांच्या भरवशावर खरेदी करणे चूक आहे. उंचीवर विसंबू नये असे समजून मी ज्या दुसऱ्या आकड्यावर विसंबलो, त्यानेही मला बराच खर्चात आणि दुखण्यात पाडले, तेही येथे सांगितले पाहिजे.

माझी उंची १७२ सेंटिमीटर आहे आणि माझ्या मेहुण्यांचीही तेवढीच. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. त्याच चौकटीला पाठ लावून, अनवाणी, पायांत वीतभर अंतर ठेवून आम्ही दोघांनी एकमेकांचे पायाचे माप घेतले. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांमध्ये धरून, त्याची एक कड भिंतीला काटकोनात टेकवून, सायकलच्या सीटवर बसल्यावर जेवढा दाब पडतो तेवढ्या दाबाने वर ओढायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे, अशी ही पद्धत आहे. सायकलवाले या मापाला इनसीम म्हणतात. पँटच्या पायाची लांबी म्हणजे इनसीम नव्हे. ती बहुधा दोन-तीन सेंटिमीटरने कमीच भरते. माप तीनदा घेतले. माझे ८४ सेंटिमीटर भरले आणि मेहुण्यांचे ७९. उंची एकच आणि पायांत पाच सेंटिमीटरचा फरक! अर्थात तो फरक धडात उलट्या बाजूने निघतो: त्यांचे धड माझ्यापेक्षा पाच सेंटिमीटरने लांब आहे. आपल्या कोष्टकात आम्ही दोघेही एकाच घरात बसतो.

पायाच्या मापावरून सीटची उंची काढण्याचे एक सूत्र सायकलस्वारांत फार प्रसिद्ध आहे. टूर द फ्रान्स १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीनदा जिंकणारे अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्यांचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने ते ओळखले जाते. इनसीमला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (ज्याच्या टोकाला पायडल असते त्या पट्टीच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिळते. या हिशेबाने माझी सीट ७४.२ सेंटिमीटरवर येते आणि मेहुण्यांची ६९.८ वर. त्याच धर्तीवर इनसीमला ०.६७ ने गुणून फ्रेमचा आकार काढण्याचीही रीत आहे. तिच्यानुसार मला ५६ ची आणि त्यांना ५३ ची फ्रेम हवी.

येथेच मी फसलो. दुकानातल्या कोष्टकात माझ्यापुढे ५४ होते, पण माझ्याकडे घरी काढलेले गणित होते आणि त्या गणिताचा मला अभिमानही होता. दुकानात ५६ ची एक शर्यतीच्या घडणीची सायकल सवलतीत होती, त्यामुळे दुकानदाराने माझ्या गणिताला लगेच मान डोलावली. दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, छताला सायकली टांगलेल्या, बाहेर रिक्षांची रांग; त्या रांगेच्या कडेने दोन फेऱ्या मारणे एवढीच माझी परीक्षा झाली. पाय पायडलला नीट पोहोचत होते. दोन मिनिटांत तेवढेच कळते.

बाकीचे कळायला मुलुंड ते मरीन ड्राइव्ह हे तीसेक किलोमीटर जावे लागले. पूर्व द्रुतगती मार्गाने घाटकोपर ओलांडेपर्यंत कोपरे ताठ झाली होती, शीवला मान अवघडली आणि दादरला पोहोचेपर्यंत दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटे बधिर झाली. सिग्नलला थांबल्यावर हात झटकायचा आणि पुढे निघायचे, असे तीन महिने चालले. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर सतत भार पडला की तेथून जाणारी अल्नर नावाची नस दाबली जाते, हे मला पुढे डॉक्टरांकडून समजले. जाड हातमोजे घेऊन पाहिले, हँडलवर दुहेरी पट्टी गुंडाळून पाहिली. ते दुखऱ्या बुटात कापूस घालण्यासारखे होते.

कारण साधे होते, पण ते ना माझ्या गणितात होते ना दुकानाच्या कोष्टकात. लांब पायांच्या मानाने मी उंच फ्रेम घेतली आणि उंच फ्रेम ही लांबही असते. माझे धड आखूड. सीट मला बरोबर बसत होती, हँडल मात्र माझ्यापासून दूर होते, आणि ते अंतर मी कोपरे ताठ करून व खांदे पुढे ढकलून भरून काढत होतो. सीटपोस्ट, म्हणजे सीट जिच्यावर बसते ती नळी, दहा-बारा सेंटिमीटर खाली-वर करणे हे एका एलन कीचे (षटकोनी किल्लीचे) काम आहे. फ्रेमची लांबी मात्र कोणालाही बदलता येत नाही. तिच्यातली चूक झाकण्यासाठी हँडल धरून ठेवणारा स्टेम आखूड किंवा लांब बसवता येतो, पण त्यालाही दोन-तीन सेंटिमीटरांचीच मुभा आहे. म्हणून रोड बाईकची निवड आधी लांबीवरून करावी आणि सीटची उंची नंतर जुळवावी, असे माझे आज ठाम मत झाले आहे. मी नेमके उलटे केले होते.

आकड्यांचा आणखी एक घोळ सांगतो. एके काळी ५४ ची फ्रेम म्हणजे सीटखालची नळी खरोखरच ५४ सेंटिमीटर, असा सरळ व्यवहार होता. फार तर ते माप नळीच्या टोकापर्यंत घ्यायचे की वरच्या दांड्याच्या मध्यापर्यंत, यावरून कंपन्या-कंपन्यांत एक-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे होत. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज या इंग्रज अभियंत्याने जायंट कंपनीसाठी मागे उतरत जाणाऱ्या दांड्याची रोड फ्रेम आणली आणि मोजक्याच आकारांत सगळ्यांना बसवण्याची पद्धत रूढ झाली. दांडा उतरता झाल्यावर सीटखालच्या नळीच्या लांबीला अर्थ उरला नाही. आता फ्रेमवर ५४ लिहिलेले असते तेव्हा ती नळी ५० सेंटिमीटरचीही असू शकते. दांडा आडवा असता तर किती झाली असती, याचा तो मानलेला आकडा असतो. मीडियम, लार्ज ही तर निव्वळ नावे आहेत. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जला भिडतो.

यातून वाट काढणारी दोन मापे आहेत आणि ती जवळपास प्रत्येक कंपनी फ्रेमच्या तपशिलात छापते. क्रँकच्या आसाच्या मध्यातून वर एक उभी रेघ कल्पावी. त्या रेघेपासून हँडल ज्या पुढच्या नळीत बसते, तिच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. आणि आसापासून त्याच टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. सीट कोठेही असो, दांडा उतरता असो की आडवा, ही दोन मापे फसवत नाहीत. माझ्या ५६ च्या सायकलचा रीच ३९.१ सेंटिमीटर होता आणि स्टेम ११० मिलिमीटरचा. हे दोन आकडे दुकानातल्या कोणी मला सांगितले नाहीत, आणि ते विचारावेत हे मलाही ठाऊक नव्हते.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा दुकानातल्या कारागिराने सीट रुळांवर जेवढी पुढे सरकेल तेवढी सरकवली. हँडल जवळ आले, पण गुडघे पायडलच्या पुढे जाऊ लागले, हातांवरचा भार उलट वाढला आणि महिन्याभरात उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागली. सीट पुढे-मागे करायची ती पायडलच्या हिशेबाने, हँडलच्या नव्हे, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याने गिऱ्हाइकाच्या सायकलला हात लावू नये, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. क्रँक पुढे आडवा धरून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पायडलच्या आसाजवळ पडावा, हा जुना ठोकताळा आहे. त्याला शास्त्राचा नियम मानण्याचे कारण नाही. सुरुवात कोठून करावी एवढे मात्र त्यावरून कळते. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याचा ओळंबा आणून मी पाहिले तेव्हा दोरी आसाच्या चांगली चार सेंटिमीटर पुढे लोंबत होती. गवंडी म्हणाला, भिंत असती तर पाडायला सांगितली असती.

त्यानंतर सीट मागे नेऊन ६० मिलिमीटरचा स्टेम बसवला. बोटांची बधिरता कमी झाली, पण हँडल इतके हलके झाले की बोरघाट उतरताना पुढचे चाक हातात असल्यासारखे वाटेना. शेवटी ती सायकल तोट्यात विकली आणि लांब पल्ल्याच्या घडणीची ५४ ची घेतली. शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या घडणीत फरक असतो तो मुख्यतः याच दोन मापांचा: एकाच आकारात दुसरीचा स्टॅक दोन-तीन सेंटिमीटरने जास्त आणि रीच थोडा कमी असतो. लांब पाय आणि आखूड धड असणाऱ्याने नुसती लहान फ्रेम घेऊनही भागत नाही, कारण लहान फ्रेमची पुढची नळीही आखूड असते. सीट वर आणि हँडल खाली अशी अवस्था होऊन माणूस कमरेतून मोडल्यासारखा बसतो. नव्या सायकलचा रीच ३७.७ आणि स्टेम ९० मिलिमीटरचा. दोन्ही मिळून साडेतीन सेंटिमीटरच्या आत-बाहेर फरक पडला, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या एका पेरापेक्षा थोडा अधिक. तेवढ्यासाठी मी तीन महिने हात झटकत होतो. मेहुणे मात्र शर्यतीच्याच घडणीची ५४ ची सायकल ११० च्या स्टेमसह मजेत चालवतात. त्यांच्या लांब धडाला ती जणू मापाने शिवली आहे. कोष्टक त्यांच्या बाबतीत खरे ठरले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

सीटच्या उंचीबाबत आपल्याकडे एक समज इतका घट्ट आहे की त्याच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे घरातले वडीलधारे सांगतात आणि काही दुकानदारही सांगतात. आमच्या पिढीने सायकल शिकली ती तासाच्या भाड्याच्या दांड्याच्या सायकलवर, आधी दांड्याखालून पाय घालून आणि मग वर बसून. २२ इंची की २४ इंची एवढीच निवड होती आणि घरात आलेली सायकल आजोबांपासून नातवापर्यंत सगळे चालवत. त्या सायकलवर माणूस ताठ बसतो, अंगाचा सगळा भार सीटवर असतो, हँडल हाताशी असते. माप दोन-चार सेंटिमीटर चुकले तरी शरीर ते चालवून घेते. रोड बाईकवर माणूस पुढे झुकून सीट, पायडल आणि हँडल अशा तीन ठिकाणी भार वाटतो. तेथे चूक लपत नाही. पाय टेकावेत म्हणून सीट खाली घेतली की गुडघा प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. मिनिटाला ८० फेरे धरले तर दहा तासांच्या पायडलिंगमध्ये एक गुडघा ४८ हजार वेळा वाकतो. आणि २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी) साडेतेरा तासांत पुरी करायला निघालेल्या हौशी माणसाला एवढे फेरे सहज पडतात. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडा दोन पायांत घ्यायचा आणि एक पाय टेकायचा, ही सवय आठवड्याभरात होते. मुंबईत सिग्नल इतके आहेत की सराव आपोआप घडतो.

सीट फार उंच झाली तर दुखणे जागा बदलते. गुडघ्याच्या मागे ताण येतो आणि मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसते. घरी पाहण्याची सोपी खूण अशी की, टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेल्यावर पाय जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर घेतला की गुडघ्यात हवा तेवढा, म्हणजे साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो. सूत्राचा आकडा आणि ही खूण यांत फरक पडला तर मी खुणेवर विश्वास ठेवीन. एक बारीक गोष्ट येथे विसरली जाते. सीटखालची नळी मागे कललेली असल्यामुळे सीट एक सेंटिमीटर वर घेतली की ती सुमारे तीन मिलिमीटर मागेही जाते, आणि पुढची नळीही तशीच कललेली असल्यामुळे हँडलखाली एक सेंटिमीटरची चकती घातली की हँडल तेवढेच मागे, म्हणजे आपल्याकडे येते. एक माप हलवले की दुसरे हलते, म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तोही पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि जुनी जागा नळीवर चिकटपट्टी लावून खुणेने राखावी.

आपल्या चौकटीत स्त्रियांचा उल्लेखच नव्हता. माझ्या भाचीची उंची १५६ सेंटिमीटर आहे आणि दुकानात तिला सर्वांत लहान फ्रेम दाखवून 'हीच तुमची' असे सांगण्यात आले. लहान फ्रेममध्ये पुढचे चाक मोठ्या फ्रेमएवढेच असते, त्यामुळे चाक वळवले की बुटाचे टोक त्याला लागते; गर्दीत हळू वळताना हे धोक्याचे आहे आणि खरेदीपूर्वी जागेवर उभे राहून तपासता येते. शिवाय लहान फ्रेमचा दांडा कागदावर आखूड दिसावा म्हणून सीटखालची नळी उभट केलेली असते. सीट पायडलच्या हिशेबाने योग्य जागी मागे नेली की कागदावर वाचवलेली ती लांबी परत येते. दांड्याच्या लांबीऐवजी रीच पाहावा, तो यासाठीच. तिच्या सायकलला ४२ सेंटिमीटर रुंदीचे हँडल होते आणि तिच्या खांद्यांच्या हाडांमधले अंतर ३६. हँडल ३८ चे केल्यावर आणि ब्रेकचे खटके त्यांच्यातल्या छोट्या स्क्रूने आत घेतल्यावर तिची बोटे ब्रेकवर नीट पोहोचू लागली. तो स्क्रू तेथे आहे हे तिला वर्षभर कोणी सांगितले नव्हते.

माप सायकल विकत घेण्यापूर्वीच पाहावे, याला अलीकडे आणखी एक कारण झाले आहे. नव्या महागड्या सायकलींत स्टेम आणि हँडल एकसंध कार्बनचे असते आणि ब्रेकच्या नळ्या पुढच्या नळीतून आत गेलेल्या असतात. पूर्वी पाच मिनिटांत बदलता येणारा स्टेम आता बदलायचा तर ब्रेकच्या नळ्या सोडवून, त्यांतले तेल पुन्हा भरून, हवा काढून सगळे परत जोडावे लागते. आधी घ्या, मग बघू, हे धोरण तेथे फार महाग पडते. मुंबईत आता शास्त्रशुद्ध बाईक फिटिंग करून देणारी ठिकाणे आहेत आणि त्यांची फी काही हजार रुपये असते. लाखाची सायकल घेणाऱ्याने ती खरेदीनंतर न देता खरेदीपूर्वी द्यावी. फिटिंग करणारा कुशल असला तरी लांब फ्रेमला तो आखूड करू शकत नाही.

ज्यांना तेवढा खर्च नको, त्यांनी दुकानात निदान एक मागणी करावी. बहुतेक दुकानांत मागचे चाक अडकवून जागेवरच पायडल मारता येईल असा ट्रेनर असतो. त्यावर पंधरा मिनिटे, घाम येईपर्यंत, हात ब्रेकच्या हूडवर (खटक्यांवरच्या रबरी मुठींवर) ठेवून चालवून पाहावे. कोपरांत सहज बाक राहतो का आणि हात क्षणभर उचलले तरी धड पुढे कोसळत नाही ना, एवढे कोणालाही समजते. दुकानदारांना माझी विनंती आहे की पावतीवर फ्रेमच्या क्रमांकाबरोबर गिऱ्हाइकाचे इनसीम, सीटची उंची, फ्रेमचा स्टॅक व रीच आणि बसवलेल्या स्टेमची लांबी हे आकडे लिहून द्यावेत. शिंपी सदऱ्यासाठीसुद्धा मापे वहीत लिहून ठेवतो. हे आकडे पावतीवर आले की सीट सर्व्हिसिंगमध्ये हलली तरी पुन्हा जागेवर आणता येईल आणि सायकल पुढे विकताना घेणाऱ्यालाही काय घेतो आहोत ते कळेल.

आपण ती चौकट पुन्हा छापणार असाल, तर उंचीच्या शेजारी इनसीमचा रकाना घालावा आणि फ्रेमच्या आकाराच्या जागी रीच व स्टॅक द्यावेत, ही नम्र विनंती. १७२ सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांचे उदाहरण म्हणून माझे आणि मेहुण्यांचे आकडे खुशाल वापरावेत. मेहुण्यांची परवानगी घेतली आहे. त्यांची अट एकच आहे की वजन छापू नये.

आपला नम्र,
एक सायकलस्वार वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई